कालचं वाढ, माय

बालाघाटाच्या डोंगरांत वाकी नदी जिथे कमरेत वाकल्यासारखी वळते, तिथे उंचवट्यावर खडकवेळ नावाचे गाव होते. गावाबाहेरच्या महादेवाच्या देवळात एके वर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला कणोबा महाराज येऊन उतरले. त्यांचे खरे नाव कोणालाच ठाऊक नव्हते. जेवून उठण्याआधी पत्रावळीभोवती सांडलेला कण न् कण ते बोटाने टिपून घेत, म्हणून लोक त्यांना कणोबा म्हणू लागले, आणि महाराजही त्या नावाला ओ देऊ लागले.

त्यांची भिक्षेची रीत जगावेगळी होती. महाराज दारात उभे राहत आणि हाक देत, "कालचं काही उरलंय का, माय? कालचं वाढ!"

ताजी भाकरी पुढे केली तर ते हसून हात मागे घेत. "ही घरातल्या पोराबाळांची. मला कालचीच दे. तिला कोणी विचारलं नसेल."

त्या गावात कोंडाबाई नावाची एक विधवा म्हातारी राहत असे. पाटलांच्या वाड्यावर ती स्वयंपाकाला हाताखाली जाई. वाड्यावर रोज चाळीस पाने उठत, आणि जेवढे लोक जेवत तेवढेच अन्न मागे उरे. कोंडाबाई मालकिणीला विचारून त्यातले घरी नेई. पण कसेही नेत नसे हो! ताटातले उष्टे ती गोठ्यात देई. वास आलेले, बुरा आलेले उकिरड्यावर खताला टाकी. भांड्यात राहिलेले चांगले अन्न तेवढे पदराखाली झाकून नेई. भाकरीचे कुटके करून ते उन्हात कडकडीत वाळवी, भात धुऊन खाटेवर पसरी, आणि सगळे चुलीवरच्या धुरकट फळीवर, गाडग्यांच्या उतरंडीत कडुलिंबाचा पाला घालून ठेवी.

तिच्या घरची आणखी एक रीत होती. तिच्या सासूने पहिल्याच दिवशी सांगितले होते, "पोरी, घरातली वास्तू सगळं ऐकत असते, आणि ऐकलं की तथास्तु म्हणते. पीठ संपलं म्हणू नये, वाढलं म्हणावं. दिवा विझला म्हणू नये, वाढला म्हणावं." गरिबाच्या घरात पीठ रोजच संपते, त्यामुळे हा शब्द कोंडाबाईच्या जिभेवर इतका बसला होता की दुसरा शब्द तिला आठवतच नसे.

वाड्यात मात्र अशी रीत नव्हती. जिथे कधी काही संपतच नाही, तिथे त्या शब्दाला कोण भिणार? "तूप संपलं, दुसरा डबा फोडा!" असे तिथे चारचौघांत ओरडून सांगत.

वाड्याच्या मालकीणबाई म्हणजे द्वारकाबाई. हात सढळ, पण जीभ तिखट. कोंडाबाईचा पदर फुगलेला दिसला की त्या पंगतीसमोर म्हणत, "काय गं कोंडे, तुझ्या घरी माणसं जेवतात की उंदीर? आईबापांनी नाव बाकी शोधून ठेवलंय!"

सगळ्या बायका हसत. कोंडाबाईही ओशाळे हसून मान खाली घाली.

एकदा महाराज वाड्याच्या दारात उभे राहिले आणि त्यांनी हाक दिली, "कालचं काही उरलंय का, माय?"

द्वारकाबाई ओसरीवर आल्या. "महाराज, पुरणपोळी वाढते, शिरा वाढते. पण कालचं मागू नका. आमच्या घरात कालचं काही नसतं!"

महाराजांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले. त्या दृष्टीत राग नव्हता, काळजी होती. "कालचं नसतं?" ते हळूच म्हणाले. "मग उद्याचं कुठून आणशील, माय?" आणि रिकामी झोळी घेऊन ते पुढे निघून गेले.

ओट्यामागे उभी असलेली कोंडाबाई त्या रिकाम्या झोळीकडे पाहत राहिली.

ज्येष्ठाच्या अखेरीला द्वारकाबाईंच्या लेकीचे लग्न निघाले. नदीपलीकडून शंभरावर वऱ्हाड आले. अक्षता पडल्या आणि त्याच संध्याकाळी डोंगरावर ढग फुटावा तसा पाऊस लागला. सकाळी उठून पाहतात तो वाकी नदी दोन्ही थड्या सोडून वाहत होती. वऱ्हाड अडकले.

"राहा की आठ दिवस!" द्वारकाबाई विहिणीला म्हणाल्या. "पाटलाच्या घरात धान्याला तोटा नाही."

तीन दिवस पंगती उठल्या. बुंदी, पुऱ्या, भाताचे डोंगर. अर्धे पोटात, अर्धे पत्रावळीवर. एवढे अन्न उकिरड्यावर टाकले तर कावळे-कुत्री गोळा होतील आणि व्याह्यांना ते दिसेल, म्हणून द्वारकाबाईंनी नवीनच हुकूम काढला. वाड्याच्या मागे जमिनीत खोल खणलेली दोन पेवे होती. ज्वारी साठवायची ही पेवे तोंडाला अरुंद आणि पोटाला रुंद असतात, जणू जमिनीत पुरलेले रांजणच. एकात निम्म्यापर्यंत ज्वारी होती, दुसरे रिकामे.

"टाका त्या रिकाम्या पेवात!" त्या म्हणाल्या.

जुना गडी सिदबा डोके खाजवत म्हणाला, "मालकीणबाई, दोन्हींमधली भिंत मातीची हाय. वरून पाऊस. आत शिजलेलं कुजलं तर…"

"तू पेवात उतरायचं काम कर, सिदबा. शहाणपणाचं माझ्याकडे आहे."

कोंडाबाई भीत भीत पुढे झाली. "मालकीणबाई, निदान कोरड्या भाकरी तरी मला…"

"आज नको! व्याह्यांदेखत पदर पसरून माझी लाज काढू नकोस."

टोपल्यांमागून टोपल्या त्या काळ्या तोंडात रिकाम्या झाल्या. कोंडाबाई पाहत राहिली. अन्न खाली पडल्याचा आवाज उशिराने येई, बदकन्.

पाऊस थांबेना. नदीचा घोंगावणारा आवाज घराघरात शिरला. चौथ्या दिवशी पाणी खालच्या आळीत आले, तिथली माणसे पोरेबाळे घेऊन वाड्यात आली. पाचव्या दिवशी दुपारपर्यंत कोठारातल्या कणग्या रिकाम्या झाल्या, आणि पिठाच्या रांजणात हात घातला तो बोटांना तळ लागला.

"पीठ संपलं!" आचारी सर्वांसमोर ओरडला.

ओसरीवर आतापर्यंत खिदळणारी वऱ्हाडी मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. एक लहान मूल तेवढे रडत होते.

"त्यात काय एवढं?" द्वारकाबाईंचा मुलगा जयवंतराव उठला. पंचविशीतला उमदा गडी, पण अंगात नव्या पागोट्याची ऐट. "पेव फोडा!"

ज्वारीच्या पेवावरची चिखल-शेणाने लिंपलेली शिळा सरकवली. आतून कोमट, आंबूस वाफ आली. सिदबा दोन पावले मागे सरला. "धाकलं मालक, आज उतरू नगा. दिसभर तोंड उघडं ठेवू. पेवाची हवा लई वाईट असती. दिवा सोडून बघू. दिवा तगला तरच माणूस तगतो."

"सोड मग दिवा! पाहुणे उपाशी बसलेत."

कोंडाबाईने चुलीवरून पणती पेटवून आणली. ती टोपलीत ठेवून दोरीने खाली सोडायचे काम तिच्याकडे आले, कारण तिचा हात हलका होता. पेवाची मान तिरकी. तळ पाहायचा तर जमिनीवर पालथे पडून डोके आत घालावे लागे. ती चिखलात पालथी पडली. नदी गर्जत होती. मागे जयवंतराव खुंट्याला बांधलेला दोरखंड हातात घेऊन सिदबाशी हुज्जत घालत होता. "कमरेला बांधू? मला काय बैल समजलास?"

टोपली खाली गेली. आणखी खाली. पणतीची ज्योत लहान झाली, निळी झाली, बोंडाएवढी झाली. मग कोणी चिमटीत धरावी तशी नाहीशी झाली. खाली मिट्ट काळोख.

कोंडाबाईच्या तोंडून जन्माच्या सवयीने शब्द गेला, "दिवा वाढला! दिवा वाढला हो!"

"वाढला ना?" जयवंतराव म्हणाला. "मग झालं तर!" आणि दोरखंडाला धरून तो सरसर खाली उतरला.

"अहो, न्हाई! तसं न्हाई, मालक!" कोंडाबाई किंचाळली. पण तोवर त्याचे पागोटे पेवाच्या तोंडाखाली गेले होते.

दोरखंड दोनदा हिसकला. आतून एक अर्धवट हाक आली, "आई…" मग काहीतरी जड पडल्याचा आवाज. आणि दोरखंड सैल पडला.

बाळांनो, त्या क्षणी कोंडाबाईला काय वाटले असेल! ज्या शब्दाने तिने आयुष्यभर घर राखले, त्याच शब्दाने तिने एका माणसाला मरणाच्या तोंडात लोटले होते. "जयवंतराव! धाकलं मालक!" ती आत तोंड घालून हाका मारत राहिली, आणि पेव तिचीच हाक तिला परत देत राहिले.

द्वारकाबाई धावत आल्या. "काय झालं? जयवंता कुठाय?"

सिदबाने खाली बोट दाखवले.

"मग उतर की! उभा काय राहिलास?"

"उतरलो तर दोन मढी व्हतील, मालकीणबाई. आत हवाच न्हाई. कोंडाबाई 'दिवा वाढला' म्हनली आन् धाकलं मालक उतरलं."

द्वारकाबाईंनी कोंडाबाईचे दंड धरून तिला गदागदा हलवले. "तू सांगितलंस ना दिवा मोठा झाला म्हणून? वैरीण! माझं खाऊन माझ्याच लेकराला…"

"आमच्यात विझल्याला वाढला म्हणत्यात, मालकीणबाई…"

"असली कसली गं तुमची भाषा!" त्या ओरडल्या, आणि मग तिथेच चिखलात मटकन् बसल्या. दर क्षणाला त्यांच्या लेकराचा एक एक श्वास कमी होत होता आणि वर दीडशे माणसे नुसती उभी होती.

कोंडाबाईने डोळे पुसले. सैल पडलेला दोरखंड तिने वर ओढला आणि आपल्या कमरेला गुंडाळू लागली. गाठ बसेना. "माझ्या शब्दानं गेला," ती पुटपुटली. "मीच जाते." तिने पेवाच्या तोंडात एक पाय सोडला. खालची कोमट हवा पायाला लागली. तरी तिने दुसरा पाय उचलला.

तेवढ्यात खांद्यावर एक हात पडला.

"थांब, कोंडाई."

कणोबा महाराज! अंगावरचा पंचा निथळत होता, पण चेहरा देवळातल्या समईसारखा शांत होता. देवळाच्या आणि वाड्याच्या मध्ये पुरुषभर पाण्याचा ओढा वाहत होता. महाराज तो कसा ओलांडून आले, हे पुढेही कोणाला सांगता आले नाही.

"महाराज, माझ्या जिभेला आग लागो! मी…"

"काय म्हणालीस तू? जसंच्या तसं सांग."

कोंडाबाईला हुंदका आवरेना. "दिवा… दिवा वाढला, महाराज."

"मग रडतेस कशाला?" महाराज म्हणाले. "गरिबीत चाळीस वर्षं तू अन्नाला वाईट बोलली नाहीस, दिव्याला वाईट बोलली नाहीस. ज्यानं ऐकायचं त्यानं सगळं ऐकलंय. तुझा शब्द तो खोटा पडू देईल होय? पुन्हा म्हण."

तिने काळोखात पाहिले. तिला प्रचंड भीती वाटत होती. पहिल्यांदा या शब्दाने घात केला होता. आता पुन्हा म्हटले आणि काहीच झाले नाही तर? तिने डोळे मिटले.

"दिवा वाढला."

"तथास्तु," महाराज म्हणाले.

पेवाच्या तळाशी एक निळा ठिपका उमटला. तो पिवळा झाला. विझलेली पणती, जिच्या जवळ कोणी नव्हते, ती पेटली होती! ज्योत बोटाएवढी झाली, वितीएवढी झाली, आणि पाहता पाहता सारे पेव देवाच्या गाभाऱ्यासारखे उजळले. आतली आंबूस वाफ भस्सकन् वर आली, पावसात विरून गेली, आणि मागोमाग बाहेरची गार हवा आत ओढली गेली. तळाशी जयवंतराव तोंड वर करून पडलेला स्पष्ट दिसला.

"सिदबा, आता जा," महाराज म्हणाले. "दिवा तगलाय. तूही तगशील."

सिदबा दोर कमरेला बांधून उतरला आणि धन्याला घेऊन वर आला. जयवंतरावाचे ओठ काळेनिळे पडले होते. महाराजांनी कमंडलूतले पाणी त्याच्या तोंडावर शिंपडले. एक क्षण गेला. दुसरा गेला. द्वारकाबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. तिसऱ्या क्षणाला त्याची छाती भात्यासारखी वर आली आणि तो खोकला.

"आई," तो अस्पष्ट म्हणाला, "खाली फार अंधार होता गं. मग कोणीतरी दिवा धरला."

द्वारकाबाई त्याच्या गळ्यात पडून रडल्या. पण त्यांची भीती अजून संपायची होती कुठे? सिदबाने सोबत टोपलीभर ज्वारी वर आणली होती. ती त्याने सगळ्यांसमोर ओतली. काळीठिक्कर, मोड फुटलेली, चिकट, नाकाला पदर लावावा अशी.

"मधली भिंत इरघळली," सिदबा खाली बघत म्हणाला. "पल्याडचं कुजलेलं समदं ह्यात उतरलं. वरपासून तळापर्यंत हेच हाय."

द्वारकाबाई त्या ढिगाकडे पाहत राहिल्या. मुठीत घेतलेली काळी ज्वारी बोटांतून लेंद्यासारखी गळली. बुंदीचे, भाताचे, पुऱ्यांचे तीन दिवस त्यांच्या डोळ्यांसमोरून गेले. दीडशे माणसे, चार पाळण्यांतली लेकरे, नदीला उतार नाही आणि घरात मूठभर पीठ नाही! उद्या सकाळी या लेकरांच्या तोंडाकडे कसे पाहायचे?

महाराज त्यांच्यासमोर उभे राहिले आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "कालचं काही उरलंय का, माय?"

द्वारकाबाईंनी नकारार्थी मान हलवली.

महाराज कोंडाबाईकडे वळले. "तुझ्याकडे गं?"

"हाय, महाराज," ती संकोचून म्हणाली. "कुटके हायती. पण एकच उतरंड. आणि ते… ते पाहुण्यांच्या पानात वाढण्याजोगं न्हाई."

"आण."

पाच गाडगी आली. मोठा हंडा चुलीवर चढला. उकळत्या पाण्यात चिंचेचा कोळ, मीठ, लसणाची फोडणी पडली आणि त्यात कडकडीत वाळलेले कुटके आणि भात रटरटू लागले. आंबटगोड वास सुटला तशी रडणारी मुले गप्प झाली. कोंडाबाईने हंड्यात डोकावून अंदाज घेतला. तीस माणसे. फार तर पस्तीस.

महाराजांनी आपला पंचा पिळून हंड्याच्या तोंडावर अर्धा पसरला. "आत बघू नकोस. पंगत बघ. आणि वाढ."

आधी मुलांची पंगत बसली, मग म्हाताऱ्यांची, मग खालच्या आळीची, मग वऱ्हाडाची. कोंडाबाई पंच्याखालून पळी घाली आणि वाढी. तिच्या कानाला एका आवाजाची धास्ती होती. पळी तळाला लागली की खर्रकन् जो आवाज होतो, तो आवाज ती जन्मभर ऐकत आली होती. प्रत्येक वेळी पळी आत घालताना तिला वाटे, आत्ता होईल. या पळीला होईल. चाळीस माणसे झाली, ऐंशी झाली, सव्वाशे झाली. आवाज आला नाही. वऱ्हाडातला एक आजोबा द्रोण चाटून म्हणाला, "बाई, एवढं गोड लग्नात नव्हतं हो!" आणि पीठ संपल्यापासून पहिल्यांदा कोणीतरी मनापासून हसले. कोणाच्याही पत्रावळीवर शीत उरले नाही.

सर्वांत शेवटी द्वारकाबाई बसल्या. कोंडाबाईने पळी घातली.

खर्र.

तिने शेवटची पळी त्यांच्या द्रोणात ओतली. "वाढलं, मालकीणबाई."

द्वारकाबाईंनी वर पाहिले. "वाढलं म्हणजे… संपलं ना गं?"

"आमच्यात तसं म्हणत न्हाईत, मालकीणबाई."

"बरं करता," द्वारकाबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी द्रोणात पडले. जेवून उठताना चुलीजवळ सांडलेला एक कोरडा कुटका त्यांना दिसला. कोणी पाहत नाही असे बघून त्यांनी तो उचलला आणि पदराच्या टोकाला बांधला.

रात्री पाऊस थांबला. सकाळी नदी आपल्या थड्यांत परतली होती आणि पलीकडून धान्याच्या गाड्या येताना दिसत होत्या. वऱ्हाडाच्या निरोपाची गडबड चालू असतानाच वाड्याच्या दारात हाक आली.

"कालचं काही उरलंय का, माय? कालचं वाढ!"

द्वारकाबाई हातातले कुंकवाचे ताट तसेच ठेवून धावल्या. ओसरीवर कोंडाबाई उभी होती. तिचा हात धरून तिलाही त्यांनी सोबत नेले. दाराशी जाऊन त्यांनी पदराची गाठ सोडली आणि तो कुटका दोन्ही तळहातांवर धरला.

"आहे, महाराज," त्या म्हणाल्या. "आजपासून आमच्या घरात कालचं आहे."

महाराजांनी तो घेतला, कपाळाला लावला आणि तिथेच उभ्याने खाल्ला. एक कण उंबऱ्यावर सांडला. तो टिपायला ते वाकणार, तोच द्वारकाबाई आधी वाकल्या. त्यांनी तो कण बोटाने टिपून तोंडात टाकला, आणि वाकलेल्या तशाच, आधी महाराजांच्या आणि मग कोंडाबाईच्या पायांवर त्यांनी डोके टेकले.